अश्वशक्तीचं नंतर बघू: छोटी स्पोर्ट्‌स कार शर्यतीसाठी कशी तयार होते

टीव्हीवर फॉर्म्युला वन सुरू असलं की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "इंजिन किती पॉवरचं आहे?" वेग म्हणजे पॉवर, हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. अमेरिकेत हौशी चालकांच्या शर्यतींत ज्या वर्गांना सर्वांत जास्त गर्दी होते, त्यांतला एक वर्ग मात्र ज्या गाडीवर उभा आहे, तिच्या मूळ इंजिनाची ताकद आहे जेमतेम ११६ हॉर्सपॉवर. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधली दीड लिटरची पेट्रोल एसयूव्ही साधारण तेवढीच पॉवर देते.

गाडीचं नाव माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, आणि शर्यतीच्या वर्गाला स्पेक मियाटा. अशी गाडी शर्यतीसाठी तयार करताना माणसं नेमकं काय करतात, कोणत्या क्रमानं करतात आणि इंजिन त्या यादीत इतकं खाली का असतं, ते बघू.

## क्लब रेसिंग म्हणजे काय?

ज्या शर्यतीत चालकाला पगार मिळत नाही, उलट त्यालाच प्रवेश फी भरावी लागते, ती क्लब रेसिंग. कुणी दंतवैद्य असतो, कुणी सॉफ्टवेअरवाला, कुणी खरंच गॅरेज चालवणारा. शनिवार-रविवारी ट्रेलरवर गाडी टाकून ट्रॅकवर जायचं, वीस-पंचवीस मिनिटांच्या एकदोन शर्यती धावायच्या आणि सोमवारी कामावर हजर. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, हे काम करतो. त्याच्यासारख्या दुसऱ्याही संस्था आहेत.

नियमांनी जखडलेल्या वर्गाला 'स्पेक' वर्ग म्हणतात. सगळ्यांची गाडी तीच, टायर तेच, स्प्रिंगांचा संच तोच. इंजिनात काय करता येतं त्यापेक्षा काय करता येत नाही, त्याचीच यादी मोठी.

## हीच गाडी का?

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, १.६ लिटर इंजिनाची, मागच्या चाकांना ओढ देणारी. वजन साधारण ९५० किलो. वर सांगितलेल्या एसयूव्हीचं वजन बाराशे-तेराशेच्या घरात जातं, म्हणजे तितकेच घोडे इथे बरंच हलकं ओझं ओढतात.

पण खरी हुशारी मांडणीत आहे. इंजिन पुढच्या अॅक्सलच्या मागे सरकवलेलं, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजन जवळजवळ निम्मं-निम्मं. प्रत्येक चाकाला वर-खाली दोन हातांनी धरणारं 'डबल विशबोन' सस्पेन्शन. आणि चारही चाकांपाशी असे बोल्ट, की पाना फिरवला की चाकाचा कोन बदलतो. साध्या गाड्यांमध्ये बहुधा फक्त पुढच्या चाकांची दिशा तेवढी बदलता येते. हिरोशिमातल्या माझदाच्या अभियंत्यांनी ही सोय शर्यतवाल्यांसाठीच केली होती असं नाही, पण शर्यतवाल्यांनी तिचा फायदा पुरेपूर उचलला.

शिवाय गाडी खपलीही अफाट. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली. दोन आसनी स्पोर्ट्‌स कारमध्ये हा गिनीज विक्रम आहे. त्यामुळे जुन्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळतात, आणि हौशी माणसाला याहून मोठी सोय नाही.

## पहिला खर्च वेगासाठी नसतो

गाडी आली की आधी ती आतून उघडी करतात. गालिचे, एसी, आवाज अडवणारे थर, सगळं काढून टाकायचं. मग त्या रिकाम्या पत्र्यात 'रोल केज' बसतो. दीड इंच व्यासाच्या आणि सुमारे अडीच मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळ्यांचा हा पिंजरा असतो. सीटमागे एक मोठी कमान, पुढे काचेच्या बाजूनं उतरणारे दोन पाय आणि दारातून आडव्या नळ्या. गाडी उलटली तरी ड्रायव्हरच्या डोक्यावरची जागा तशीच राहावी, हा उद्देश. उघड्या टपाच्या गाडीत तर हा मुद्दा जास्तच गंभीर. पिंजऱ्याचा एक जोडफायदाही होतो: गाडीचा सांगाडा पिळवटायचा कमी होतो. सांगाडाच लवत असेल तर सस्पेन्शनमधला बारीक बदल गाडी दाखवतच नाही.

मग बादलीसारखी एकसंध सीट, सहा ठिकाणी बांधलेले पट्टे, आग विझवण्याची व्यवस्था आणि बाहेरूनही दाबता येईल असं मुख्य वीज तोडणारं बटण. आणि 'हान्स' नावाचं उपकरण. खांद्यावर पट्ट्यांखाली बसणारी ही कॉलरसारखी चौकट दोन छोट्या पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेली असते. हे नसेल तर जोरात धडक बसली की धड पट्ट्यांत अडकतं, पण हेल्मेट घातलेलं जड डोकं पुढे झेपावतं आणि कवटीच्या तळाशी तडा जातो. शर्यतीतले कितीतरी मृत्यू असे झाले. डोकं धडाबरोबरच थांबावं म्हणून हे उपकरण मिशिगन स्टेट विद्यापीठातले बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबार्ड यांनी १९८० च्या दशकात तयार केलं. त्यांच्या मागे लागून ते करवून घेतलं त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग यांनी. डाउनिंग स्वतः शर्यतपटू, आणि चालवायचे माझदाच. वर्षानुवर्षं ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत नामवंत अमेरिकन शर्यतपटू डेल अर्नहार्ट गेला, तेव्हा कुठे सगळे जागे झाले.

इतका खर्च झाला तरी गाडी अजून सेकंदभरही वेगवान झालेली नाही. नवख्यांचा हिरमोड इथेच होतो.

## ब्रेक ऑइल उकळतं तेव्हा

पुढचा खर्चही थांबण्यावरच. ड्रायव्हरसकट गाडी १०५० किलोची धरू. ताशी १६० वरून ८० वर यायचं तर पाऊण मेगाज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा उष्णता बनून ब्रेकच्या डिस्कमध्ये शिरते. तेवढ्या उष्णतेत अडीच लिटर गार पाण्याला उकळी फुटेल, आणि हे घडतं अडीच-तीन सेकंदांत. एका फेरीत असं तीन-चार वेळा, आणि फेऱ्या पंधरा.

ही उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलमध्ये झिरपते. रस्त्यावरच्या गाड्यांत चालणारं डॉट-४ ऑइल कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की नळीत बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, बुडबुडा मात्र दाबला जातो. पाय पेडलवर पडतो, पेडल तळाला टेकतं आणि गाडी तशीच पुढे जाते. म्हणून शर्यतवाले ३०० अंशांच्या वर उकळणारं ऑइल घालतात आणि ते सतत बदलतात. कोकणातल्या हवेत वर्षानुवर्षं तेच ब्रेक ऑइल ठेवून वरंधा घाट उतरणाऱ्यांनीही या परिच्छेदाचा विचार करायला हरकत नाही.

## सगळा खेळ चार टायरांचा

आता खऱ्या ट्यूनिंगकडे येऊ. गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार जागी, प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी. वेग घेणं, थांबणं, वळणं हे सगळं तिथूनच होतं. इंजिन हजार घोड्यांचं असलं तरी या चार तळहातांना जमेल तेवढंच रस्त्यावर उतरणार.

इथे टायरचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टायरवर भार वाढला की पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. दुप्पट भार टाकला तर दुपटीपेक्षा कमी पकड मिळते.

आता वळणात काय होतं बघा. पुढच्या दोन चाकांवर सरळ रस्त्यावर प्रत्येकी २६७ किलो भार आहे. जोरात वळताना गाडी बाहेर कलते आणि ढोबळ हिशेबानं बाहेरच्या चाकावर ४३५ किलो येतो, आतल्यावर १०० उरतो. बेरीज तीच, ५३५. पण समजा बाहेरच्या टायरनं ४०० किलोइतकी पकड दिली आणि आतल्यानं १०८ ची, तर एकूण ५०८ झाले. सव्वीस-सत्तावीस किलोंची पकड हवेत विरली. वजनाची ही फेकाफेक जितकी कमी, तितकी पकड जास्त. गाडी हलकी हवी आणि बुटकी हवी, हा आग्रह इथून येतो.

चाकाचा कोनही याच कारणासाठी बदलतात. गाडी कलली की बाहेरचं टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभं राहू पाहतं. म्हणून ते आधीच वरच्या बाजूनं आत झुकवून ठेवतात, साधारण तीन अंश. या झुकावाला 'कॅम्बर' म्हणतात. उभी असताना गाडी फेंगडी दिसते, पण वळणात टायर सपाट टेकतं. रस्त्यावरच्या गाडीला मात्र असं करू नये, सरळ रस्त्यावर टायरची आतली कड झिजून जाईल.

कोन बरोबर आहे की नाही, हे टायरच सांगतं. गाडी ट्रॅकवरून आत येताक्षणी एक माणूस सुईचा तापमापक घेऊन धावतो आणि प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागात सुई खुपसून आकडे लिहून घेतो. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त झाली. बाहेरची कड तापली तर झुकाव कमी पडतोय. हवेचा हिशेबही गरम टायरचा धरायचा, कारण गार असताना भरलेली हवा काही फेऱ्यांतच पाच-सात पीएसआयनं चढते. मला विचाराल तर या तापमापकाइतका परतावा देणारी दुसरी वस्तू या छंदात नाही. एवढं असूनही लोक आधी सायलेन्सर बदलतात.

## डुगडुगणारी खाट आणि चार काटे

आता अनेकांना गोंधळात टाकणारी गोष्ट. गाडीच्या चारही चाकांखाली वजनकाटे ठेवतात, ड्रायव्हर आत बसतो, पेट्रोल ठरलेलं असतं आणि चार आकडे लिहिले जातात. समजा पुढे डावीकडे ३०० किलो, उजवीकडे २३५. मागे डावीकडे २५०, उजवीकडे २६५. एकूण १०५०.

एक पाय आखूड असलेली खाट आठवा. ती कर्णातल्या दोन पायांवर टेकते आणि उरलेले दोन नावापुरते असतात. खाटेचं वजन तेवढंच असतं, फक्त ते उचलणारे पाय बदलतात. वरच्या गाडीचंही तेच झालंय. उजवं पुढचं आणि डावं मागचं या कर्णावर ४८५ किलो आहेत, म्हणजे ४६ टक्के. दुसऱ्या कर्णावर ५४ टक्के. ही गाडी डाव्या वळणात शेपूट बाहेर टाकेल आणि उजव्या वळणात वळायचंच नाकारेल. ड्रायव्हर गोंधळेल, कारण एकाच गाडीत दोन वेगळ्या तक्रारी कशा?

उपाय पायाखाली कागदाची घडी घालण्यासारखाच आहे. शर्यतीच्या शॉकअपवर स्प्रिंगखाली आट्यांची कडी असते. ती फिरवली की तो कोपरा वर-खाली होतो. थोडं इथे, थोडं तिथे करत आकडे असे येतात: पुढे २८० आणि २५५, मागे २७० आणि २४५. दोन्ही कर्ण आता ५२५-५२५. पण पुढच्या चाकांची बेरीज आधी ५३५ होती, आताही तेवढीच आहे. डाव्या बाजूची ५५० होती, तीही तशीच. कड्या फिरवून फक्त कर्ण बदलतात. पुढे-मागे किंवा डावं-उजवं वजन बदलायचं असेल तर वस्तूच हलवावी लागते. बॅटरी उचलून दुसरीकडे ठेवा, नाहीतर ड्रायव्हरनं कमी जेवावं.

सगळीकडे ५०-५० च हवं असंही नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या लाइम रॉक पार्क या ट्रॅकच्या मूळ आखणीत डावं वळण एकच आहे, बाकीची सगळी उजवी. तिथे एका वळणाचं नुकसान सोसून बाकीच्यांत कमावता येतं.

## नाक निसटतं की शेपूट?

वळताना पुढची चाकं आधी घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते. मागची आधी घसरली तर गाडी गिरकी घेऊ लागते. पहिल्याला 'अंडरस्टिअर', दुसऱ्याला 'ओव्हरस्टिअर'. रस्त्यावरच्या गाड्या मुद्दाम पहिल्या प्रकारच्या बनवतात, कारण घाबरलेला माणूस ब्रेक दाबतो आणि त्यात ती जरा तरी सावरते.

शर्यतीत दोन्ही टोकं जवळजवळ एकदम घसरायला हवीत. ते साधण्याचं सोपं हत्यार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा, 'अँटी-रोल बार'. पुढचा दांडा कडक केला की वळणात वजनाची फेकाफेक पुढच्या चाकांमध्ये जास्त होते, मागे कमी. टायरचा तो स्वभाव लक्षात आहे ना? जिथे फेकाफेक जास्त, तिथे पकड कमी. म्हणजे नाक निसटू लागतं. शेपूट निसटत असेल तर पुढचा दांडा कडक करायचा, हे ऐकायला उलटं वाटतं, पण गणित तेच सांगतं.

नियम एकच: एका वेळी एक बदल. दांडा, हवा आणि कोन असं सगळं एकदम बदललं आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कळायला मार्ग नाही.

## मग इंजिनाला हातच लावायचा नाही?

लावायचा, पण ते टिकावं म्हणून. या इंजिनाचा वंश माझदा ३२३ या पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या गाडीतला. तिथे ते आडवं बसायचं. मियाटात ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवताना थर्मोस्टॅट पुढच्या टोकाला आणला गेला, त्यामुळे मागच्या सिलिंडरांभोवती कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, कमी खेळतं. रस्त्यावर हे जाणवत नाही. ट्रॅकवर इंजिन सतत चढ्या आरपीएमवर धावताना चौथा सिलिंडर तापतो. म्हणून जिथे नियम परवानगी देतात तिथे कूलंटचा मार्ग बदलून घेतात. लांब वळणात ऑइल चेंबरमध्ये एका बाजूला जातं आणि पंपाला हवा ओढावी लागते, त्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

पॉवर वाढवायला स्पेक वर्गात जागाच कमी. उलट नंतरच्या मॉडेलच्या ताकदवान इंजिनांच्या तोंडाशी भोक पाडलेली पट्टी बसवतात, म्हणजे हवा कमी जाते आणि जुन्या गाड्यांना बरोबरी करता येते. या पट्टीला 'रिस्ट्रिक्टर' म्हणतात. शर्यत संपल्यावर गाडी ड्रायव्हरसकट तोलली जाते. किमान वजनाहून किलोभर कमी भरली तरी निकाल रद्द होऊ शकतो.

## तरी पैसेवालाच जिंकणार ना?

थोडंफार हो. नियमांच्या चौकटीत राहूनही नामांकित कारागिराकडून मापं अगदी काठावर बसवलेलं इंजिन विकत घेता येतं. दर शर्यतीला कोरे टायर लावता येतात. पण यातून मिळतात ते सेकंदाचे दशांश. नवखा आणि मुरलेला चालक यांच्यात एकाच गाडीत फेरीमागे कित्येक सेकंदांचा फरक पडतो, आणि तो पाना फिरवून भरून निघत नाही. म्हणून तिथले जाणते लोक नवख्याला सांगतात की आधी रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू मांडून होणाऱ्या ऑटोक्रॉसला जा, रोजची गाडी घेऊन जा, आणि उरलेले पैसे प्रशिक्षकाला दे.

## आपल्या स्विफ्टवर हे जमेल का?

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलं. पिंजरा तर रस्त्यावर धोक्याचाच: हेल्मेटशिवाय डोकं त्या पोलादी नळीवर आपटलं तर साध्या अपघातातही कवटी फुटेल. शर्यतीची गाडी वेगळी ठेवायची आणि ट्रॅकवर वाहून न्यायची.

स्वस्त, हलकी आणि नियमांनी बांधलेली शर्यतीची गाडी ही कल्पना मात्र आपल्याकडे नवी नाही. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती गाड्या बनवल्या. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेल्या नारायण कार्तिकेयनची सुरुवात अशाच गाडीतून झाली. करिवर्धन यांच्या नावानं कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे उभा आहे. राष्ट्रीय स्पर्धेतल्या एलजीबी फॉर्म्युला ४ गाड्यांतही मारुतीचंच इंजिन असतं. परवाने देण्याचं आणि नियम ठरवण्याचं काम एफएमएससीआय ही राष्ट्रीय संघटना करते.

आणि हात काळे करायचे असतील तर अभियांत्रिकीच्या मुलांकडे बघा. फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांची स्पर्धा कारी ट्रॅकवर होते. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांमधले संघ वर्षभर वर्कशॉपमध्ये रात्री जागवून एक आसनी गाडी स्वतः आखतात, वेल्डिंग करतात आणि तिकडे घेऊन जातात. तिथे ट्रॅकवर सोडण्याआधी गाडी फळीवर ठेवून ६० अंशांपर्यंत कलती करतात, आणि ती उलटता कामा नये. पेट्रोल गाड्यांच्या गटात इंजिन ७१० सीसीपर्यंतच चालतं, आणि त्यात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून जावी लागते.